राउटरमधली रांग

घरात कुणी मोठी फाइल अपलोड करायला घेतली की दुसऱ्या खोलीतला व्हिडिओ कॉल अडखळतो. मग राउटरच्या सेटिंगमध्ये क्यूओएसचं (कुठल्या वाहतुकीला अग्रक्रम द्यायचा ते ठरवण्याचं) पान उघडलं जातं, आणि प्रश्न येतो: आधी कुणाला सोडायचं? प्रश्न इंटरनेटइतकाच जुना आहे. १९८१च्या आयपी (इंटरनेट प्रोटोकॉल) मानकातच प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे माहितीच्या प्रत्येक छोट्या तुकड्यावर, अग्रक्रमासाठी ३ बिट राखलेले होते. त्यातली ‘इमिजिएट’, ‘फ्लॅश’ ही नावं लष्करी संदेशांच्या धर्तीची. पण कुणीही आपल्या पॅकेटवर ‘फ्लॅश’चा शिक्का मारू शकत असेल, तर त्या शिक्क्याला किंमत काय?

खरा दणका ऑक्टोबर १९८६मध्ये बसला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड; तिथला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. पॅकेट पोचलं नाही असं समजून संगणक तेच पुन्हा पाठवत होते आणि कोंडीत भर घालत होते. पाठवणाऱ्यानेच कोंडी ओळखून हात आखडता घ्यावा, हा व्हॅन जेकबसन यांचा उपाय १९८८चा. त्याआधी, १९८५मध्ये, जॉन नेगल यांनी राउटरच्या बाजूने विचार केला होता: प्रत्येकाची रांग वेगळी ठेवा आणि आळीपाळीने एकेक पॅकेट सोडा. हावरटाची मग स्वतःचीच रांग लांबते. मला हा विचार शिक्क्यांपेक्षा कितीतरी शहाणा वाटतो.

२००३मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचा लिनक्सवर चालणारा कोड खुला झाला आणि ही हत्यारं घरोघरच्या हौशी लोकांच्या हाती आली. तिथली मुख्य युक्ती उलटी वाटेल अशी: राउटरचा वेग लाइनच्या वेगापेक्षा मुद्दाम थोडा कमी ठेवायचा. नाहीतर रांग मोडेममध्ये लागते, आणि तिथे आपलं काही चालत नाही. सेकंदाला २५६ किलोबिटच्या अपलोडवर २५६ किलोबाइटचा बफर (पॅकेटं थांबवून ठेवायची मेमरी) भरला, तर मागच्या पॅकेटला ८ सेकंद थांबावं लागतं. (भारताच्या २००४च्या धोरणात ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घ्यायला डाउनलोडलाही २५६च पुरत होते!)

स्वस्त मेमरीमुळे फुगलेल्या या बफरांकडे २०१०च्या सुमारास जिम गेटिस यांनी लक्ष वेधलं. ‘बफरब्लोट’ हा शब्द तेव्हापासूनचा. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी ‘कोडेल’ मांडलं. पॅकेट कुणाचं हे ते विचारतच नाही, किती वेळ रांगेत आहे एवढंच पाहतं: १०० मिलिसेकंदभर प्रतीक्षा ५ मिलिसेकंदांच्या खाली आलीच नाही, तर ते पॅकेटं टाकून द्यायला सुरुवात करतं, म्हणजे पाठवणारा कोंडी ओळखून हात आखडता घेतो. त्याला नेगल यांच्या वेगळ्या रांगांची जोड मिळाली, ती ‘एफक्यू-कोडेल’ या नावाने. मोडेमच्या मागे ते बसवताना लाइनच्या वेगाचा आकडा मात्र सहसा आपल्यालाच मोजून भरावा लागतो.