नोकरी नाही, पहिलाच परदेश प्रवास: युरोपच्या पर्यटक व्हिसासाठी अर्ज कसा करायचा

शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या 29 देशांत चालणारा एकच व्हिसा) अर्जात ‘सध्याचा व्यवसाय’ असा रकाना असतो. आपल्याकडची बरीच मुलं-मुली तिथेच अडकतात. कुणी लातुरात स्पर्धा परीक्षेची तयारी करत असतं, कुणी पदवी घेऊन गावी परतलेलं, कुणी लग्नानंतर नोकरी सोडलेली. मग एजंट म्हणतो, ‘ओळखीच्या कंपनीचं लेटर लावू, पगाराची स्लिप करून देऊ.’ कृपा करून या वाटेला जाऊ नका. शेंगेनच्या नियमांत व्हिसा नाकारण्याची कारणं मोजून दिली आहेत. ‘अर्जदाराला नोकरी नाही’ हे त्यांत नाही. कागदांच्या खरेपणाविषयी शंका, हे कारण मात्र आहे. अर्जाची आणि नकाराची नोंद या देशांच्या सामायिक यंत्रणेत 5 वर्षांपर्यंत राहते, आणि त्यांपैकी कुठेही पुन्हा अर्ज केला की ती समोर येते.

म्हणून त्या रकान्यात जे आहे तेच लिहा. नोकरी नसेल तर नाही म्हणा. जमीन तुमच्या नावावर असेल आणि ती तुम्हीच कसत असाल, तर मात्र तुम्ही बेरोजगार नाही, शेतकरी आहात, तसं लिहा. विद्यार्थी म्हणवून घ्यायचं असेल तर प्रवेशाची पावती आणि कॉलेजचं बोनाफाईड हवं. नुसत्या क्लासच्या ओळखपत्रावर विसंबू नका.

यानंतर अधिकाऱ्याला दोन गोष्टी पटवायच्या असतात: खर्च कोण करणार, आणि तुम्ही परत का येणार.

खर्च कोण करणार

बहुतेकांचा खर्च आई-वडील किंवा नवरा-बायको करतात, आणि ते चालतं. खर्च उचलणाऱ्याचं सहीचं पत्र, तुमचं नातं दाखवणारा कागद (जन्मदाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र) आणि त्यांच्या उत्पन्नाचे पुरावे जोडायचे. वडील नोकरीत असतील तर पगारपत्रक, फॉर्म 16, आयकर विवरणपत्र आणि बँकेचं स्टेटमेंट पुरतं. स्टेटमेंट किती महिन्यांचं, हे ज्या देशाकडे अर्ज करणार त्याच्या कागदांच्या यादीत पाहा. तीन ते सहा महिन्यांचं, बँकेच्या शिक्क्यासह मागतात.

खरी अडचण शेतकरी घरांची. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्र भरलेलं नसतं, आणि सोयाबीनचा किंवा कापसाचा पैसा रोख येऊन रोखच खर्च होतो. कागदावर ते घर रिकामं दिसतं. सातबारा आणि आठ-अ जमीन दाखवतात, उत्पन्न नव्हे. त्यांच्या जोडीला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आडत दुकानाच्या हिशोबपट्ट्या आणि त्याच पट्ट्यांची रक्कम जमा झालेलं बँक खातं असं जुळवून ठेवा. पट्टीवरची रक्कम आणि खात्यातली रक्कम एकमेकींना धरून असली, की शेतीचं उत्पन्न परक्या अधिकाऱ्यालाही कळतं. पुढच्या वर्षी जायचं असेल, तर या हंगामापासूनच माल विकल्याचे पैसे खात्यात घ्या. सीएकडून विवरणपत्र भरून घेता येतं. शेती उत्पन्न त्यात करमुक्त म्हणून दाखवतात. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर सोबत जोडा.

अर्जाच्या आठवडाभर आधी मामाकडून उसने घेतलेले तीन लाख खात्यात टाकू नका. असा एकगठ्ठा पैसा लगेच नजरेत येतो आणि त्याचा खुलासा मागितला जाऊ शकतो.

परत का येणार

नोकरीच्या ठिकाणचं रजापत्र नसलं की हा मुद्दा आपोआप सिद्ध होत नाही. गावातलं घर, नावावरची जमीन, लहान मुलं, परीक्षेचं प्रवेशपत्र, पुढच्या प्रवेशाची तारीख, यातलं जे खरं असेल ते लावा. पहिल्या प्रवासाला बेत लहान ठेवा. आठ-दहा दिवस, दोन शहरं, रोजचा कार्यक्रम आणि खात्याला झेपेल असा खर्च. नव्वद दिवस मागण्याची परवानगी आहे म्हणून नव्वद मागू नका. कव्हर लेटर (अर्जासोबत जोडायचं तुमचं पत्र) एक पानाचं पुरे, त्यात नोकरी नाही हे पहिल्या परिच्छेदातच सांगा.

बाकीचे कागद

पासपोर्ट गेल्या 10 वर्षांतला, परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. शुल्क प्रौढांना 90 युरो, शिवाय अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाआकार. नकार आला तर शुल्क परत मिळत नाही. विमानाचं आरक्षण दाखवा, पण व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका. अर्ज जिथे सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे, प्रवासाच्या आधी 6 महिन्यांपासून 15 दिवसांपर्यंत करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, क्वचित 45. हातात दोन महिने ठेवलेले बरे.

आपल्या भागाची एक खास गोष्ट. जुन्या पासपोर्टवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद आणि नव्या आधारवर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव असेल, तर शहराचं नाव सरकारने बदललं आहे अशी एक ओळ कव्हर लेटरमध्ये घाला. लग्नानंतर बदललेल्या नावाचंही तसंच, फक्त तिथे पुरावा जोडा.

बोटांचे ठसे द्यायला स्वतः मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रावर जावं लागतं. रात्रीच्या गाडीने जाणार असाल तर अकरानंतरची वेळ घ्या, गाडीला उशीर झाला तरी धावपळ होणार नाही. मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही न्या.

नकार आलाच, तर सोबतच्या छापील फॉर्मवर कारणापुढे खूण असते. ती नीट वाचा. अपील करता येतं, त्याची मुदत आणि पद्धत त्या-त्या देशाची असते. नव्याने अर्ज करायलाही बंदी नाही, पण तोच गठ्ठा पुन्हा देऊ नका. खूण पैशांच्या कारणापुढे असेल तर आधी खातं सुधारा, परतण्याविषयीच्या शंकेपुढे असेल तर बेत लहान करा आणि पुरावे वाढवा. नव्या अर्जात आधीचा नकार लपवू नका.