नैराश्यविरोधी औषधे आणि दमा

नैराश्यविरोधी औषधे आणि दमा : नैराश्यावरील औषधांचे दमेकऱ्यांच्या श्वसनमार्गावर, लक्षणांवर आणि चालू असलेल्या इतर औषधांवर होणारे संभाव्य परिणाम. दमेकऱ्यांत नैराश्य इतरांपेक्षा अधिक आढळते. त्यामुळे दोन्ही आजारांची औषधे एकाच रुग्णाला चालू असणे नवलाचे नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास शिकागो येथील फ्रान्झ अलेक्झांडर यांच्या मनोविश्लेषक गटाने दम्याला सात मनोकायिक रोगांत गणले होते. ही मांडणी आता मागे पडली आहे. औषधांचा इतिहास मात्र निराळ्या वाटेने गेला. इप्रोनियाझिड हे मुळात क्षयरोगावरचे औषध. ते घेणाऱ्या रुग्णांची मनःस्थिती उल्हसित होते असे दिसल्यावर ते 1957 च्या सुमारास नैराश्यासाठी वापरात आले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा गुण प्रसिद्ध केला. 1960–70 च्या दशकांत याच त्रिचक्री (रेणूत तीन कडी असलेल्या) वर्गातील अमिट्रिप्टिलिन दम्यासाठी वापरून पाहण्यात आले.

त्यामागील कल्पना तशी जुनीच म्हणावी लागेल. प्राणेशा तंत्रिकेच्या (व्हेगस नसेच्या) टोकांशी अ‍ॅसिटिलकोलीन स्रवते व श्वासनलिकांचे स्नायू आकुंचन पावतात. त्रिचक्री औषधे या क्रियेला अंशतः अडवतात. धोतऱ्यातील अ‍ॅट्रोपीनसदृश द्रव्येही तेच करतात. दम्यावर धोतऱ्याचा धूर ओढण्याची रीत 1802 च्या सुमारास मद्रासमार्गे ब्रिटनमध्ये पोहोचली असे सामान्यतः मानतात. त्रिचक्री औषधे अ‍ॅलर्जीत स्रवणाऱ्या हिस्टामीनलाही विरोध करतात. पण त्यांनी स्राव घट्ट होतात आणि हृदयाच्या गतीवर परिणाम होतो. श्वासनलिका रुंदावण्याची अधिक चांगली साधने हाती असल्याने हा प्रयोग पुढे रेटला गेला नाही.

सेरोटोनिन या संदेशवाहक द्रव्याचा दम्यात वाटा काय, हा वाद अजून मिटलेला नाही. उंदरांच्या मास्ट पेशींत (अ‍ॅलर्जीची द्रव्ये सोडणाऱ्या पेशींत) सेरोटोनिन विपुल असते, माणसाच्या मास्ट पेशींत फारसे नसते. त्यामुळे प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. काराकास येथील फुआद लेचिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात, दम्याची लक्षणे असताना रक्तद्रवातील मुक्त सेरोटोनिन वाढलेले असते, असे मांडले. हे सेरोटोनिन पेशींत परत ओढून घेण्याची क्रिया वाढवणारे म्हणून त्या वेळी ओळखले जाणारे टियानेप्टिन हे नैराश्यविरोधी औषध त्यांनी दमेकऱ्यांना दिले आणि 1998 मध्ये लक्षणीय सुधारणा नोंदवली. सिटालोप्रॅमसारखी सेरोटोनिनवर निवडक परिणाम करणारी औषधे (एसएसआरआय) मात्र नेमकी हीच क्रिया रोखतात, आणि त्यांच्याही बाजूने काही पुरावा आहे. परस्परविरोधी क्रियेच्या दोन औषधांनी एकच गुण द्यावा, ही अडचण आहे. एसएसआरआयने रक्तबिंबिकांतील (प्लेटलेटमधील) सेरोटोनिनचा साठा घटतो, असे सांगून काही जण तिची उकल करतात. शिवाय टियानेप्टिन अफूसदृश द्रव्यांच्या ग्राहींवर काम करते असे 2014 मध्ये दिसून आल्याने मूळ स्पष्टीकरणाचा पायाच डळमळीत झाला आहे.

चाचण्यांपैकी डॅलस येथील शेरवुड ब्राउन यांच्या गटाची 2005 ची चाचणी विशेष उल्लेखनीय आहे. दमा व नैराश्य दोन्ही असलेल्या 90 प्रौढांना 12 आठवडे सिटालोप्रॅम किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. सिटालोप्रॅम गटाला तोंडाने घ्यावयाच्या स्टेरॉइडची गरज कमी पडली. नैराश्याची लक्षणे ज्या प्रमाणात बदलली त्या प्रमाणात दम्याची लक्षणेही बदलली. यावरून औषध श्वासनलिकेतील शोथ थेट कमी करते असे काही जण मानतात. मन सावरलेला रुग्ण इन्हेलर नियमित घेतो आणि दम लागल्याने कमी घाबरतो, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. स्टेरॉइडमुळेही मनःस्थिती बिघडू शकते. तेव्हा कार्यकारणाची दिशा ठरवणे सोपे नाही. नैराश्य नसलेल्या दमेकऱ्याला केवळ दम्यासाठी ही औषधे देण्याची शिफारस नाही.

औषधांच्या परस्परक्रियांविषयी मात्र बरीच निश्चिती आहे. फ्लुवॉक्सामिन हे एसएसआरआय यकृतातील एका विकराला (एन्झाइमला) रोखते आणि दम्यावरील थिओफायलिनची रक्तातील पातळी धोकादायकरीत्या वाढवते. दोन्ही द्यावी लागलीच तर थिओफायलिनची मात्रा सुमारे एक तृतीयांशावर आणतात. एटोफायलिन–थिओफायलिनची जोडगोळी आपल्याकडे आजही सर्रास लिहून दिली जात असल्याने हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. इप्रोनियाझिडच्या वर्गातील (एमएओ-रोधक, म्हणजे मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर रोखणाऱ्या) औषधांबरोबर श्वासनलिका रुंदावणारे एफेड्रिन घेतल्यास रक्तदाब एकाएकी चढतो. त्रिचक्री औषधांबरोबर साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका रुंदावणारे औषध जपून देतात. बुप्रोपिऑन या नैराश्यविरोधी औषधाने आकडीचे झटके येण्याची शक्यता वाढते, थिओफायलिन सोबत असल्यास अधिकच.

गर्भावस्थेतील वापराबाबत डेन्मार्कमधील सात लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. आईचे नैराश्य व मुलाचा दमा यांचा संबंध त्यात आढळला. एसएसआरआयमुळे जोखीम वाढल्याचे दिसले नाही, जुन्या औषधांबाबत मात्र थोडी वाढ दिसली. जुनी औषधे बहुधा तीव्र नैराश्यात दिली जात असल्याने हा फरक औषधाचा की आजाराचा, हे त्यावरून ठरत नाही.