चिनी अक्षरांची घडण आणि रेघांचा क्रम

चिनी अक्षर रेघांचे बनते. कोणती रेघ आधी, कोणती नंतर आणि प्रत्येक रेघ कुठून कुठे ओढायची हे ठरलेले असते. या क्रमाला चिनीत बीशुन म्हणतात. बी म्हणजे कुंचला किंवा लेखणी, शुन म्हणजे ओघ. चीनमध्ये हा क्रम पहिलीपासून गिरवून घेतात. १९९७ साली ७,००० अक्षरांचा क्रम सरकारने प्रमाण ठरवला आणि मार्च २०२१ पासून ८,१०५ अक्षरांचे नवे प्रमाण लागू झाले. देवनागरीतही आपण अक्षर आधी काढतो आणि शिरोरेषा शेवटी मारतो, पण तो नियम आहे असे कोणाला वाटत नाही. चिनीत हीच सवय नियम म्हणून लिहून ठेवली आहे. या नोंदीत मुख्यतः चीनमधील सरलीकृत, म्हणजे सोप्या केलेल्या, लिपीचा क्रम दिला आहे. कंसातले उच्चार जवळपासचे समजावेत.

रेघ कशी मोजतात

कुंचला कागदाला टेकल्यापासून उचलेपर्यंत जे उमटते ती एक रेघ, मग ती मध्ये कितीही वेळा वळो. नवशिक्याची पहिली चूक इथेच होते. ‘तोंड’ (खोउ) हे अक्षर म्हणजे एक चौकोन. चौकोनाला चार बाजू म्हणून तो चार रेघांचा समजतात, पण त्याच्या रेघा तीनच: डावी उभी, वरची आडवी आणि उजवी उभी मिळून एकच, कोपऱ्यात दुमडलेली, आणि शेवटी तळाची आडवी. या चौकोनात एक आडवी रेघ घातली की ‘सूर्य’ (रृ) होतो, रेघा चार. दोन घातल्या की ‘डोळा’ (मू), रेघा पाच. चौकोनाच्या रेघा चुकल्या तर असंख्य अक्षरांची मोजणी चुकते आणि रेघा मोजून शब्दकोशात शोधलेले अक्षर सापडत नाही.

मूळ रेघा थोड्याच आहेत. आडवी (हंग) डावीकडून उजवीकडे, उभी (शू) वरून खाली, डावी तिरकी (प्ये) वरून डावीकडे खाली निमुळती होत जाते, उजवी तिरकी (ना) उजवीकडे खाली उतरताना जाड होते आणि शेवटी पाऊल टेकवल्यासारखी पसरते. त्यांच्या जोडीला ठिपका (द्येन), डावीकडून उजवीकडे वर जाणारा झटका (थी), रेघेच्या टोकाचा आकडा (गोउ) आणि दुमड (झऽ). शब्दकोश आणि मोबाइलवरचा रेघांचा कळफलक यांत यांचे पाचच वर्ग करतात: १ आडवी, २ उभी, ३ डावी तिरकी, ४ ठिपका, ५ दुमड. झटका आडवीत आणि उजवी तिरकी ठिपक्यात धरतात. उभ्या रेघेच्या टोकाला डावीकडे आकडा असला तरी ती उभीच गणली जाते.

‘चिरंतन’ या अर्थाचे योंग हे अक्षर सुलेखनाच्या शिक्षणात शतकानुशतके वापरले जाते, कारण पाच रेघांत त्यात आठ प्रकारच्या हालचाली येतात. आधी माथ्यावर ठिपका. मग एक छोटी आडवी, तीच दुमडून मधली उभी, आणि न उचलता तळाशी डावीकडे आकडा. ही सारी एकच रेघ. तिसरी रेघ डाव्या बाजूला: किंचित वर जाणारी आणि लगेच डावीकडे खाली वळणारी. मग उजव्या वरच्या बाजूने मध्याकडे येणारी आखूड तिरकी, आणि शेवटी तिथूनच उजवीकडे उतरणारी लांब पसरट रेघ. चौथ्या शतकातील सुलेखनकार वांग शीझ याच्या इ.स. ३५३ मधील, एका कवितासंग्रहासाठी लिहिलेल्या प्रसिद्ध प्रस्तावनेचे पहिले अक्षर हेच आहे.

क्रमाचे नियम आणि त्यांचे अपवाद

आडवी आधी, तिला छेदणारी उभी नंतर: ‘दहा’ (शृ) हे अधिकचिन्हासारखे अक्षर याच क्रमाने लिहितात. डावी तिरकी आधी, उजवी नंतर: ‘माणूस’ (रेन). वरून खाली, डावीकडून उजवीकडे. मधला भाग ठळक आणि दोन्ही बाजू सारख्या असतील तर मधला आधी: ‘लहान’ (श्याओ) लिहिताना आधी मधली आकडेवाली उभी, मग डावीकडची रेघ, मग उजवीकडची. पूर्ण वेढणाऱ्या चौकटीत आधी चौकट उघडी ठेवायची, आतला ऐवज भरायचा आणि तळ शेवटी बंद करायचा. मुलांना हे ‘आधी घरात शिरा, मग दार लावा’ असे सांगतात. ‘देश’ (ग्वो) मध्ये दोन रेघांची उघडी चौकट, आत ‘जेड’चे पाच रेघांचे अक्षर, आणि मग तळ: एकूण आठ.

यापुढे गोष्टी कमी सरळ होतात. ‘आग’ (हुओ) सममित दिसते, पण तिथे बाजूच्या दोन छोट्या रेघा आधी येतात आणि मधला ‘माणूस’ नंतर. डावीकडे उभ्या राहणाऱ्या ‘हृदया’च्या घटकातही दोन ठिपके आधी, उभी शेवटी. ‘नऊ’ (ज्यो) आणि ‘बळ’ (ली) जवळपास सारखे दिसतात. नवात डावी तिरकी पहिली, बळात दुमडलेली आकडेवाली रेघ पहिली. हे तर्काने काढता येत नाही, हाताला लावून घ्यावे लागते. खालून आधार देणारा ‘चालणे’ हा तीन रेघांचा घटक शेवटी लिहितात, पण धावण्याशी संबंधित पूर्ण ‘जौ’ घटक डावीकडून खाली पसरला तरी आधीच लिहितात. वर उजवीकडचा एकटा ठिपका बहुधा शेवटी येतो, जसा ‘मी’ (वो) या सात रेघांच्या अक्षरात.

हा क्रम इतका का जपायचा? सुबक दिसण्यासाठी, असे बहुतेकांना वाटते. खरे कारण धावते लेखन आहे. झरझर लिहिताना पेन उचलला जात नाही आणि एका रेघेचे शेपूट पुढच्या रेघेच्या सुरुवातीला चिकटते. वाचणारा ते शेपूट पाहूनच अक्षर ओळखतो. क्रम उलटा असेल तर शेपूट भलत्या ठिकाणी येते. आपल्या ‘२’चा वाकडा आकारही असाच घडला: जुन्नरजवळच्या नाणेघाटातील ब्राह्मी लेखात एक आणि दोन हे अंक आडव्या रेघांनीच लिहिलेले आहेत, आणि त्या दोन रेघा हात न उचलता लिहिण्यातून पुढे जोडल्या गेल्या. चिनीत एक, दोन, तीन आजही एक, दोन, तीन आडव्या रेघाच आहेत.

घडण

बहुतेक अक्षरे सुट्या रेघांनी नव्हे, तर घटकांनी बनतात. एक घटक अर्थाचा गट सांगतो, दुसरा उच्चाराकडे बोट दाखवतो. ‘छिंग’ (हिरवा-निळा) घ्या. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब लावले की ‘स्वच्छ’, वाणीचा घटक लावला की ‘विनंती करणे’, हृदय लावले की ‘भावना’, सूर्य लावला की ‘निरभ्र’. चारही उच्चार छिंग, फक्त सूर (आवाजाचा चढउतार) सगळ्यांचा एक नाही. डोळा लावला की मात्र उच्चार जिंग होतो आणि अर्थ ‘बुबुळ’. उच्चाराचा इशारा अंदाजे असतो, हमी नव्हे. ‘आई’ (मा) मध्ये डावीकडे ‘स्त्री’ आणि उजवीकडे ‘घोडा’ (मा) आहे. घोड्याचा अर्थाशी काही संबंध नाही, तो केवळ आवाजासाठी उभा आहे.

अर्थाच्या घटकांवरून अक्षरे लावण्याची पद्धत कोशकार श्यू शन याने इ.स. १०० च्या सुमारास रूढ केली. त्याने ९,३५३ अक्षरे ५४० गटांत बसवली. १७१६ च्या खांगशी शब्दकोशात गट २१४ आहेत. २००९ च्या चिनी प्रमाणात मुख्य गट २०१ आहेत.

घटक डावीकडे गेला की तो अरुंद होतो आणि त्याची शेवटची रेघ बदलते. ‘माती’ (थू) एकटी असताना तळाची आडवी सपाट. डाव्या घटकात तीच वर जाणारा झटका बनते. ‘झाडा’ची (मू) उजवी तिरकी ठिपक्याइतकी आखडते, म्हणजे शेजाऱ्याला जागा मिळते. ‘वाहन’ (छ) डावीकडे गेले तर क्रमसुद्धा बदलतो: एकट्यात उभी शेवटी, डाव्या घटकात ती तिसरी आणि झटका चौथा.

सराव आणि चुका

सरावासाठी थ्येन्जगऽ ही वही वापरतात: चौकोनाच्या आत उभी आणि आडवी तुटक रेघ, म्हणजे चार खण. कर्णही आखलेले असतील तर ती मीजगऽ. सुरुवातीला चौकोन साधारण दीड सेंटिमीटरचा घ्यावा; मोठ्या चौकोनात रेघ डुगडुगते, लहानात आकडे बुजतात. फिक्या लाल अक्षरांवरून काळ्याने गिरवण्याला म्याओहोंग म्हणतात. जुन्या शाळांत यासाठी ‘शांग दा रेन’ (वर, मोठा, माणूस) असा पाठ असे, कारण त्यातली अक्षरे मोजक्याच रेघांची आहेत. गिरवण्यात एक तोटा आहे: खालचे अक्षर दिसत असते तोवर हात डोळ्यावर विसंबतो. तीनदा गिरवून, तीनदा बघून आणि मग पान झाकून तीनदा लिहावे. न बघता जमले नाही तर पन्नास नकला काढूनही उपयोग होत नाही.

सामान्य चुका ठरावीक आहेत. आडवी रेघ उजवीकडे उतरती होते. हाती लिहिलेल्या ठेवणीत ती किंचित चढती हवी. चौकोन गोल होतो, कारण कोपऱ्यात पेन क्षणभर थांबवून दिशा बदलली जात नाही. डावा आणि उजवा घटक सारखेच रुंद काढल्याने एका अक्षराची दोन अक्षरे दिसतात. लांबीकडे दुर्लक्ष हे सर्वांत घातक: ‘माती’त खालची आडवी लांब, ‘विद्वान’ (शृ) मध्ये वरची लांब, ‘शेवट’ (मो) मध्ये वरची लांब, ‘अजून नाही’ (वेइ) मध्ये खालची. ‘स्वतः’ (जी) आणि ‘आधीच’ (यी) यांत फरक फक्त डावीकडची फट किती उघडी आहे एवढाच.

नमुना म्हणून सोंग ठेवणीचा छापील टाइप घेऊ नये. त्यात आडव्या रेघेच्या टोकाला त्रिकोण असतो, तो लेखणीचा नाही, कोरणीचा. खाय या हस्तलेखनासारख्या ठेवणीत रेघा जशा लिहितात तशाच दिसतात. फोनची किंवा पानाची भाषा जपानी असेल तर तेच अक्षर वेगळ्या आकारात दिसू शकते: ‘हाड’ चीनमध्ये नऊ रेघांचे, जपानमध्ये दहा. क्रमही देशागणिक बदलतो. ‘राजा’ (वांग) मध्ये चिनी प्रमाण दोन आडव्यांनंतर उभी ओढते, जपानी प्रमाण एका आडवीनंतर. चीनमध्ये ‘डावा’ आणि ‘उजवा’ दोन्ही आडव्या रेघेने सुरू होतात; जपानमध्ये ‘उजवा’ तिरकीने.