पोपडा निघणं वेगळं, रंग मरणं वेगळं

कोल्हापुरात शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत बहुतेकांच्या गाड्या दारात, उघड्यावरच उभ्या असतात. चार-पाच वर्षांनी एखाद्या पांढऱ्या गाडीच्या छतावरचा नखाएवढा रंग निघतो. एक पावसाळा गेला की तो तळहाताएवढा होतो. मालक सर्व्हिस सेंटरला जातो आणि उत्तर मिळतं, "उन्हानं झालंय, बाहेरचं कारण आहे, वॉरंटीत बसत नाही." ज्याच्या बॉनेटची नुसती चकाकी गेलीय, त्यालाही हेच उत्तर. बिघाड मात्र दोन आहेत. एकात कंपनीचं म्हणणं बरंचसं खरं असतं, दुसऱ्यात ते निमूट मान्य करायचं काहीच कारण नाही.

कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या मदतीनं एक थर चढवतात, तो ईडी कोट. गंजापासून पत्रा वाचवणारा मुख्य थर हाच. त्यावर साधारणपणे प्रायमर, मग आपल्याला दिसणारा रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एक-दीड पानाएवढी. एवढ्याशा जाडीत नेमका कुठला थर सुटला, यावर सगळा वाद ठरतो.

रंग मरतो तेव्हा बिघाड वरून सुरू होतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी क्लिअर कोट हळूहळू कमकुवत होतो. आधी चकाकी जाते, मग पांढुरका धुरकटपणा येतो आणि शेवटी पारदर्शक साल सुटते. खाली रंग शाबूत असतो, फक्त निस्तेज. छत, बॉनेट, डिकी हे वर तोंड केलेले भाग आधी जातात. आपल्याकडं यात भर पडते. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या आसपास काजळी पडते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांजवळ लोखंडाची बारीक धूळ क्लिअरमध्ये रुतून गंजते आणि नारिंगी ठिपके दिसू लागतात. पक्ष्यांची विष्ठा उन्हात तशीच राहिली तर डाग कोरल्यासारखा उमटतो. बहुतेक वॉरंटी पुस्तिकांत ही कारणं स्पष्ट वगळलेली असतात. जुन्या गाडीचं असं झालं असेल तर भांडण्यात शक्ती घालवू नये, असं माझं मत. मात्र गाडी दोन-तीन वर्षांचीच असेल, पॅनल कधी रंगवलेलं नसेल आणि तरी क्लिअरची साल निघत असेल, तर जाब विचारायलाच हवा.

पोपडा निघतो तेव्हा गोष्ट निराळी असते. इथं वरचा थर झिजलेला नसतो, दोन थरांची एकमेकांवरची पकडच सुटलेली असते. चकाकी शाबूत असलेला रंग प्रायमरसकट पापुद्र्यानं निघतो आणि खाली गुळगुळीत, बहुधा करडा ईडी कोट दिसतो. दगड लागून उडालेला टवका चांगल्या रंगावर टवकाच राहतो. पकड सुटलेल्या रंगावर त्याची कड उचलली जाते आणि वॉशिंग सेंटरच्या प्रेशरनं पाणी आत शिरून ती पुढं सरकत राहते. अशा गाडीवरची पीपीएफ (रंग जपायला चिकटवलेली पारदर्शक फिल्म) किंवा मोठा स्टिकर ओढून काढला तर सोबत रंगही येतो.

पांढऱ्या गाड्यांची यात जास्त ओरड का, यालाही कारण आहे. ईडी कोट साधारणपणे इपॉक्सीचा असतो आणि इपॉक्सीला अतिनील किरण सोसत नाहीत. वरच्या थरांनी प्रकाश पुरेसा अडवला नाही, तर ईडी कोटचा पृष्ठभाग भुकटीसारखा होतो आणि त्यावर चिकटलेलं सगळं सुटतं. टोयोटानं अमेरिकेत हे उघडपणे मान्य केलं आहे. काही मॉडेल्सच्या दोन पांढऱ्या रंगांत, कारखान्यात दिलेला प्रायमर आणि ईडी कोट यांच्यातली पकड सूर्यप्रकाशानं कालांतरानं कमी होऊन रंग निघतो, असं सांगून कंपनीनं २०१९ मध्ये त्या रंगांसाठी वॉरंटी वाढवून दिली.

म्हणून "उन्हानं झालंय" या वाक्यावर विषय संपत नाही. गाडी उन्हात उभी राहणार, हे बनवणाऱ्याला ठाऊकच असतं. ऊन आतल्या थरापर्यंत पोचू न देणं हे रंगाच्या थरांचं काम आहे आणि ते थर मालकानं दिलेले नाहीत. पोपडा दाराच्या खालच्या, सावलीतल्या भागाचा निघाला असेल तर उन्हाचं नाव घ्यायलाही जागा उरत नाही.

ओळखायचं कसं? सुटलेला पापुद्रा हातात घ्या आणि उलटा करून पाहा. आरपार दिसत असेल तर तो क्लिअर. एका बाजूला गाडीचा रंग आणि दुसऱ्या बाजूला प्रायमर असेल तर पकड खालून सुटलीय. पत्रा फुगून आत तपकिरी गंज दिसत असेल तर तो तिसराच विषय. पुस्तिकेत गंजाची वॉरंटी वेगळी लिहिलेली असेल, तरी ती बहुधा पत्रा आतून गंजून भोक पडल्यावरच लागू होते. बंपर यातून बाजूला ठेवा, तो प्लास्टिकचा असतो आणि त्याला ईडी कोट नसतोच.

"तुम्ही बाहेर रंगवून घेतलंय" असा आरोप झाला तर जाडी मोजायच्या मीटरनं तिथंच तपासायला लावा. मूळ रंग १००-१५० च्या आसपास दाखवतो. पुन्हा रंगवलेलं पॅनल सहसा २०० च्या वर जातं, लांबी (पुट्टी) भरली असेल तर त्याहून कितीतरी जास्त. काही वेळा वाहतुकीत ओरखडा गेलेलं पॅनल विक्रीआधीच रंगवलेलं असतं, तेही याच मीटरमध्ये सापडतं.

तक्रार नोंदवायच्या आधी उद्यमनगरात बाहेरच्या गॅरेजला नेऊन टच-अप किंवा रबिंग करून घेऊ नका, पुरावाच जातो. शिवाय पोपड्यावर टच-अप टिकत नाही, कारण शेजारचा रंगही सुटायच्या बेतात असतो. सैल रंग काढून, ईडी कोट भुकटी झाला असेल तर थेट पत्र्यापर्यंत घासून, अख्खं पॅनल नव्यानं करावं लागतं. तारखेसह फोटो काढा, पापुद्रे पाकिटात जपून ठेवा. अजून न सुटलेला रंग मात्र स्वतःहून उचकटू नका. जॉब कार्डवर "रंग खराब" असं मोघम न लिहिता "रंग प्रायमरसकट सुटला, खाली ईडी कोट दिसतो" असं लिहून घ्या आणि नकार तोंडी न घेता ईमेलवर मागा.

त्यानंतर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथं काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, कंपनीचं मुख्यालय कुठंही असो. गाडीची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर कोल्हापूरचा जिल्हा आयोगच ऐकतो. ५ ते १० लाखांच्या गाडीसाठी शुल्क २०० रुपये आहे. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर कलम ३८ खाली आयोग प्रयोगशाळेचा अहवाल मागवू शकतो, त्यामुळे तशी मागणी अर्जातच करा. मुदत दोन वर्षांची आहे आणि कंपनीशी नुसता पत्रव्यवहार चालू ठेवल्यानं ती वाढत नाही.