आफ्रिकाटाउन आणि वंशजांचा माहितीपट

आफ्रिकाटाउन ही अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मोबील शहराच्या उत्तरेकडची वस्ती. गुलामांची आयात १८०८ पासून बेकायदा असतानाही टिमथी मीहर या धनिकाने १८६० मध्ये 'क्लोटिल्डा' जहाज पश्चिम आफ्रिकेत धाडले. विल्यम फॉस्टर या कप्तानाने सुमारे ११० माणसे विकत आणली आणि पुरावा नको म्हणून जहाज पेटवून दिले. मीहरवर खटला झाला, पण तो सुटला. गुलामगिरी संपल्यावर या लोकांनी मायदेशी परतायची धडपड केली; भाड्याचे पैसे काही जमेनात. शेवटी मजुरी करून त्यांनी जमीन घेतली आणि आपले गाव वसवले.

जहाज जळाल्यामुळे उरली ती घराघरांतून सांगितली जाणारी हकिकत. बाहेरच्यांनी ती बराच काळ दंतकथा म्हणून उडवून लावली. झोरा नील हर्स्टन या लेखिकेने १९२७-२८ मध्ये त्या जहाजातून आलेल्या वृद्ध कोसोला (कुजो लुइस) यांच्या तोंडून ती टिपून घेतली, त्यांचे चित्रीकरणही केले. मात्र तिचे 'बॅराकून' हे पुस्तक छापून यायला २०१८ उजाडले. रेदोशी ही याच जहाजातून आलेली स्त्री तर सरकारी शेतीखात्याच्या १९३८ च्या प्रचारपटात नुसती ओझरती दिसते. ती कोण, हे ऐंशीएक वर्षांनी संशोधकांनी ओळखले.

मोबीलच्याच मार्गारेट ब्राउन यांनी 'डिसेंडंट' (२०२२) या माहितीपटात ही हकिकत वंशजांच्या हाती दिली. कोसोलांचे बोल वंशज स्वतः 'बॅराकून'मधून मोठ्याने वाचतात. निवेदकाच्या भारदस्त आवाजाने जे साधले नसते ते इथे अडखळत्या वाचनाने साधते. चित्रीकरण चालू असतानाच, मे २०१९ मध्ये, मोबील नदीत सापडलेले अवशेष क्लोटिल्डाचेच असल्याचे जाहीर झाले. दुसरा एखादा दिग्दर्शक तिथेच थांबला असता. ब्राउन यांचा कॅमेरा मात्र वस्तीकडे वळतो: कारखान्यांनी घेरलेली घरे, कर्करोगाची भीती, जहाज पाहायला येणाऱ्या पर्यटकांचा पैसा कोणाच्या खिशात जाणार यावरची कुजबुज. आसपासची बरीच जमीन आजही मीहर घराण्याकडे आहे. त्या घराण्यातले कोणी या माहितीपटात बोललेले नाही.

जहाजाचे काही अवशेष आता आफ्रिकाटाउनमध्येच जुलै २०२३ मध्ये उघडलेल्या हेरिटेज हाउस या संग्रहालयात ठेवले आहेत.