थेट काँक्रीट शिल्पन

लोखंडी सांगाड्यावर सिमेंटचा ओला माल मारत, थापत आणि तो पुरता आवळण्याआधी छिन्नीने तासत शिल्प उभे करण्याची पद्धत. मातीचे मूळ, त्यावरून साचा आणि साच्यातून ओतीव प्रत हा नेहमीचा क्रम इथे नसतो. पहिली मूठ जिथे बसते तिथेच शेवटचा घाव पडतो, म्हणून आकाराचा बराचसा शोध हात चालू असतानाच लागतो.

भारतात ही पद्धत रामकिंकर बैज (१९०६–१९८०) यांनी शांतिनिकेतनात रुजवली. ब्राँझ परवडणारे नव्हते. सिमेंट, वाळू आणि तिथल्या तांबड्या जमिनीतली जांभ्याची खडी हाताशी होती. ‘सुजाता’ (१९३५), ‘संथाळ कुटुंब’ (१९३८) आणि ‘मिल कॉल’ (१९५६) ही त्यांची उघड्यावरची कामे. ‘संथाळ कुटुंबा’तील पुरुषाच्या खांद्यावर कावड आहे आणि तिच्या टोपलीत मूल बसले आहे. अंगाची खडबडीत कातडी म्हणजे फेकलेल्या मालाची आणि उघड्या पडलेल्या खडीचीच खूण. ती घोटून गुळगुळीत केली असती तर आकृत्यांची चाल मंदावली असती. महाराष्ट्रात वि. पां. करमरकरांनीही सिमेंटमध्ये शिल्पे केली. अलिबागजवळ सासवणे येथील संग्रहालयात ती पाहता येतात.

उत्स्फूर्तपणाला जागा आहे ती सांगाड्याच्या बाहेर. सांगाडा मात्र विचार करूनच बांधावा लागतो. पुरुषभर उंचीच्या आकृतीला पायांसाठी १२ ते १६ मिमीच्या सळया घेऊन त्या चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये गाडतात. हातांना ८ मिमी पुरते. वर कोंबडीजाळी बाइंडिंग तारेने घट्ट आवळतात. मग सांगाडा हलवून पाहावा. तो डुलला तर पुढे घोटा आणि मान हमखास तडकतात. हाताची किंवा मानेची दिशा बदलायची असेल तर ती इथेच, सळई वाकवून.

माल एक भाग सिमेंट आणि तीन भाग चाळलेली वाळू असा कालवतात. जाड भागांत बारीक खडी घालतात. जांभा पाणी पितो, म्हणून तो आधी भिजवून घ्यावा, नाहीतर तो मालातले पाणी ओढतो आणि सिमेंट कच्चे राहते. मूठ आवळून उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे आणि बोटांवर पाणी सुटता कामा नये. अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच माल कालवावा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालणे ही सर्रास होणारी चूक आहे. तो थर पुढे भुगा होऊन झडतो.

माल थापण्यापेक्षा जोराने फेकला तर जाळीच्या आरपार जाऊन पकड घेतो, शिवाय हवा अडकत नाही. एका वेळी १० ते १५ मिमी थर पुरे. हनुवटी, काख अशा लोंबत्या बाजूंना त्याहून जाड थर स्वतःच्या वजनाने सुटतो. पुढचा थर देण्याआधी खालच्यावर ओरखडे काढावेत, तो ओला करावा आणि सिमेंटची पातळ रबडी लावावी. एवढे केले नाही तर दोन थरांत पापुद्रा सुटतो.

कोरण्याची खरी वेळ म्हणजे मालात नख रुतते पण बोट रुतत नाही ती. उन्हाळ्यात ती काही तासांतच येते, थंडीत रात्र उलटू शकते. या वेळात सुरी, करवतीचे तुटके पाते, छिन्नी सगळे चालते आणि न पटलेला भाग सरळ खरवडून टाकता येतो. माल कडक झाल्यावर छिन्नी मारली की खडी खोबणीसकट उखडते.

रोजचे काम संपले की ओले गोणपाट गुंडाळावे. पूर्ण झाल्यावर किमान सात दिवस पाणी मारावे; ऊन-वाऱ्यात लवकर सुकलेल्या पृष्ठभागावर केसासारख्या भेगांचे जाळे उठते. सळईवर २० ते २५ मिमी आवरण हवे. बोटे, कपड्यांची टोके अशा बारीक जागी ते मिळत नाही. पाणी आत शिरते, लोखंड गंजून फुगते आणि वरचा थर फोडते. तांबूस डाग दिसताच तेवढा भाग सळईपर्यंत उघडा करावा, गंज खरवडावा, सिमेंटची रबडी लावून त्याच मिश्रणाने भरावा. नुसत्या भेगेत सिमेंट भरले तर गंज आत चालूच राहतो आणि भेग त्याच जागी पुन्हा उघडते.