अडीच वेळा वीस: आकड्यांच्या नावांमधल्या तिरकसपणाची पार्श्वभूमी

डॅनिश भाषेत पन्नासला 'हाल्वट्रेस' म्हणतात. शब्दाची फोड केली तर अर्थ निघतो 'अर्धा तिसरा'. अर्धा तिसरा म्हणजे पन्नास कसे, हे कित्येक डॅनिश माणसांनाही पटकन सांगता येत नाही. भाषांच्या गमतीजमतींची कुठलीही यादी काढा, त्यात हा शब्द हमखास सापडतो. त्याला हसण्याआधी मराठी माणसाने आपला 'अडीच' उलगडून पाहावा, कारण दोन्ही शब्दांची बांधणी एकच आहे.

आधी डॅनिश शब्द. त्याचं पूर्ण रूप 'हाल्वट्रेसिन्स्टूवे'. यात तीन तुकडे आहेत: अर्धा तिसरा, वेळा, वीस. पहिला पूर्ण, दुसरा पूर्ण आणि तिसरा अर्धाच भरलेला, म्हणजे २.५, आणि अडीच वेळा वीस म्हणजे ५०. हीच रीत पुढे नव्वदपर्यंत चालते. साठ म्हणजे 'ट्रेस', तीन विसा. सत्तर म्हणजे 'हाल्वफ्येर्स', अर्धा चौथा, साडेतीन विसा. ऐंशी 'फिर्स', चार विसा. नव्वद 'हाल्वफेम्स', साडेचार विसा. रोजच्या बोलण्यात 'वेळा वीस' हा भाग गळून गेला, पण 'पन्नासावा', 'साठावा' म्हणायची वेळ आली की अख्खा लांबलचक शब्द परत उगवतो. शिकणाऱ्याचा पाय हमखास घसरतो तो चाळीसपाशी. चाळीसचं जुनं रूप 'फ्योरटूवे'. वीसलाही 'टूवे'च म्हणतात, त्यामुळे हे चार विसा, म्हणजे ऐंशी, असं वाटतं. प्रत्यक्षात इथला 'टूवे' दहाच्या जुन्या अनेकवचनातून आला आहे, म्हणजे चार दहा. तीस-चाळीस दहाच्या हिशेबात आणि पन्नासपासून नव्वदपर्यंत विसाच्या, असं हे जोडकाम आहे.

आता आपल्याकडे. संस्कृतात अडीचला 'अर्धतृतीय' म्हणत: ज्यातला तिसरा अर्धा आहे ते. प्राकृतात त्याचं 'अड्ढाइज्ज' झालं आणि मराठीत 'अडीच'. 'दीड'ही त्याच घराण्यातला. त्याचं मूळ 'द्व्यर्ध', म्हणजे दुसरा अर्धा. साडेतीनसाठी 'अर्धचतुर्थ' होता, त्याचा मराठी वंशज 'औट'. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांपाठोपाठ 'औटकी' पाठ करावी लागे ती साडेतीनची. माणसाचा देह साडेतीन हातांचा, म्हणून जुन्या मराठीत 'औट हात' असा उल्लेख येतो.

'साडे' मात्र वेगळ्या विचारातून आला. तो 'सार्ध'चा वंशज आहे, म्हणजे अर्ध्यासह. साडेचार म्हणजे चार आणि वर अर्धा; इथे नजर मागच्या पूर्ण आकड्याकडे आहे. अडीचची नजर पुढच्या, अजून न भरलेल्या आकड्याकडे. सव्वा ('सपाद', पावासह) मागे पाहतो, पाऊण ('पादोन', पाव कमी) पुढे पाहतो. अशा दोन्ही दिशा एकाच भाषेत नांदतात. 'साडेएक', 'साडेदोन' कुणी म्हणत नाही, कारण दीड आणि अडीच त्या जागा अडवून बसले आहेत. औटला तेवढी पकड ठेवता आली नाही आणि साडेतीनने त्याला हटवलं.

ही पुढे पाहणारी मोजणी एकेकाळी फार पसरलेली होती. रशियनमध्ये दीडला 'पल्तरा' म्हणतात, म्हणजे अर्धा दुसरा. जर्मनमध्ये दीडसाठी 'आन्डर्टहाल्ब' आहे आणि घड्याळात अडीच वाजले की जर्मन माणूस 'हाल्ब द्राय' म्हणतो. शब्दशः 'अर्धे तीन' ऐकून साडेतीनला पोचणारे परके लोक पुष्कळ. रोमन लोकांच्या 'सेस्टर्शियस' या नाण्याचं नावच 'अर्धा तिसरा' असं आहे. ते मुळात अडीच 'अस'चं (अस हे त्यांचं छोटं नाणं) नाणं. त्याची खूण दोन उभ्या रेघा आणि पुढे अर्ध्यासाठीचं अक्षर, अशी लिहीत. फिनिश भाषा तर या भाषांच्या इंडो-युरोपीय कुळातलीही नाही, पण तिथे अकरा म्हणजे 'युक्सितोइस्ता', दुसऱ्या दहातला एक. जुन्या फिनिशमध्ये बावीसला 'तिसऱ्यातले दोन' म्हणत.

विसाच्या मोजणीचं मूळ बहुधा साधं आहे: हातापायांची बोटं. बास्कमध्ये चाळीस म्हणजे दोन वीस, ऐंशी म्हणजे चार वीस. जॉर्जियनमध्ये नव्व्याण्णवला 'चार वीस आणि एकोणीस' म्हणतात. संथाळीत वीसला 'इसि' आणि चाळीसला 'बार इसि', दोन विसा. फ्रेंचांचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असतं: सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी 'चार-वीस', नव्वद 'चार-वीस-दहा'. मध्ययुगात ही रीत आणखी लांब जाई. नवव्या लुईने १२६० च्या सुमारास पॅरिसमध्ये तीनशे अंधांसाठी स्थापन केलेल्या आश्रयस्थानाचं नाव 'काँझ-व्हँ', म्हणजे पंधरा-वीस. तिथे आज नेत्ररुग्णालय आहे आणि नाव तेच. फ्रेंचांनी हे केल्टिक पूर्वजांकडून घेतलं, असा जुना तर्क आहे. पण फ्रेंचमध्ये ही मोजणी ठळकपणे दिसते ती मध्ययुगात, त्यामुळे तर्काचा एक पाय लंगडा राहतो. सतराव्या शतकात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी होत्या आणि पॅरिसच्या भाषापंडितांनी कौल 'साठ-दहा'ला दिला. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडने सत्तर-नव्वदसाठी सरळ 'सेप्तांत', 'नोनांत' ठेवले. ऐंशीला मात्र बेल्जियमही 'चार-वीस'च म्हणतो. 'व्हितांत' ऐकायचा तर स्वित्झर्लंडच्या वो, वाले, फ्रिबूर या भागांत जावं लागतं.

वजाबाकीची तऱ्हाही जुनी आहे. लॅटिनमध्ये अठरा म्हणजे 'दुओदेविगिंती', विसाला दोन कमी. एकोणीस म्हणजे विसाला एक कमी. गंमत म्हणजे लिहिताना अठरा दहा-पाच-तीन असे बेरजेने लिहीत आणि बोलताना वजाबाकी. नायजेरियातल्या योरुबा भाषेत हे शिगेला पोचतं. सोळा म्हणजे विसात चार कमी, पस्तीस म्हणजे दोन विसांत पाच कमी आणि पंचेचाळीस म्हणजे तीन विसांतून दहा काढा, मग पाच काढा. कवड्यांचे ढीग घालून मोजण्याच्या सवयीशी ही रीत जोडली जाते. ढीग पूर्ण ठेवून त्यातून चार-पाच उचलणं हाताला सोपं. तोंडाला मात्र अवघड.

मराठीचा 'एकोण' हा 'एकोन', एकाने उणा. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत तो इमानाने चालतो. हिंदीने एकोणऐंशीपर्यंत ('उनासी') वजाबाकी केली आणि एकोणनव्वदला ती सोडून 'नवासी', म्हणजे ऐंशी अधिक नऊ, धरला. आपण एक पायरी पुढे गेलो, पण शंभराच्या उंबऱ्यावर आपणही थांबलो: 'एकोणशंभर' नाही, 'नव्व्याण्णव', नव्वद अधिक नऊ.

इथपर्यंतचा तिरकसपणा हिशेबाचा होता. दुसरा प्रकार उच्चार झिजण्याचा, आणि त्यात मराठी आणि उत्तर भारतीय भाषांचा हात धरणारं फारसं कुणी नाही. एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो, असं वाटण्याइतकी ही नावं बदलली आहेत. बदल मात्र आंधळे नाहीत. संस्कृत 'पञ्चाशत्'चं प्राकृतात 'पण्णास' झालं. जोडशब्दात दोन स्वरांमध्ये सापडलेला 'प' मऊ होऊन 'व' झाला, म्हणून एक्कावन्न, बावन्न, पंचावन्न. मग चोपन्न आणि छप्पन्न का? तिथे 'प'च्या आधी व्यंजन होतं: 'चतुष्पञ्चाशत्', 'षट्पञ्चाशत्'. ते व्यंजन 'प'मध्ये मिसळलं, 'प' दुप्पट झाला आणि टिकला. दहाच्या रांगेतही हेच घडलं. 'दश'मधला 'द' स्वरांमध्ये 'र' झाला: एकादशचा अकरा, द्वादशचा बारा, त्रयोदशचा तेरा. चौदात 'द' शाबूत आहे, कारण 'चतुर्दश'मधला 'र्' त्याच्या पाठीशी होता. चौदा आणि चोपन्न हे अपवाद वाटतात, पण दोघांना 'चार'नेच वाचवलं. 'सत्तर'चा 'स' आद्य जागी टिकला आणि आत गेल्यावर 'ह' झाला: एकाहत्तर, बहात्तर.

'दोन'ला बारा-बावीस-बत्तीसमध्ये 'ब' कुठून आला, हाही नेहमीचा प्रश्न. मुळात होता 'द्व'. एका वाटेने त्यातला 'व' गळाला आणि 'दोन' झाला. दुसऱ्या वाटेने 'द' गळाला, 'व'चा 'ब' झाला आणि 'बे' झाला. 'बे एके बे' म्हणताना ही दुसरी वाट बोलते. लॅटिनमध्येही असंच झालं: दोनसाठी 'दुओ', पण 'दोनदा'साठी 'बिस'. आर्मेनियनमध्ये त्याच मूळ आवाजाचं 'एर्कु' झालं. ऐकून नातं ओळखू येत नाही, पण बदल नियमानेच झालेला आहे.

झिजण्याबरोबर शेजाऱ्याची सवयही लागते. आकडे ओळीने म्हटले जातात, त्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्याला चिकटतो. रशियनमध्ये नऊ म्हणजे 'देव्यत'. खरं तर तो 'न'ने सुरू व्हायला हवा; पुढच्या 'देस्यत', दहाने त्याला आपला 'द' दिला. लिथुएनियनमध्येही तसंच. इंग्रजी 'इलेव्हन' आणि 'ट्वेल्व्ह' यांचा अर्थ 'दहा काढून एक उरला', 'दोन उरले'. लिथुएनियनमध्ये हे 'उरले' अकरापासून एकोणीसपर्यंत चालतं.

तिसरी अडचण क्रमाची. आपण २१ लिहिताना आधी दोन, मग एक लिहितो आणि वाचतो 'एकवीस', म्हणजे एक आधी. जर्मन, डच आणि अरबी यांचंही तेच. मालागासी भाषेत तर पूर्ण संख्याच एककापासून वर चढते. संस्कृत गणितग्रंथ शब्दांतून संख्या सांगत तेव्हा नियम होता 'अङ्कानां वामतो गतिः', अंक डावीकडे सरकत जातात. श्लोकात हे निभावतं. ऐकून लिहिताना मात्र हात पहिल्या अंकाशी अडतो, कारण दशकाचा अंक कानावर नंतर येतो. घाईत ३७ चे ७३ होतात ते इथेच.

हा प्रश्न ऐरणीवर आणला टेलिफोनने. नॉर्वेत 'पाच आणि वीस' असं म्हणत. नंबर तोंडी सांगून जोडून घेण्यात चुका होत, म्हणून दूरध्वनी खात्याने आग्रह धरला, संसदेने निर्णय केला आणि १ जुलै १९५१ पासून 'वीस-पाच' ही अधिकृत पद्धत झाली. शाळा आणि रेडिओ बदलले. बोलणं अर्धवट बदललं. आजही तिथे एकच माणूस कधी नव्या तर कधी जुन्या पद्धतीने बोलतो. जर्मनांनी क्रमाला हात लावला नाही, पण फोनवर 'त्स्वाय' आणि 'द्राय' सारखे ऐकू येतात म्हणून दोनला 'त्स्वो' म्हणू लागले. चिनी लोक त्याच कारणाने नंबर सांगताना एकला 'यी'ऐवजी 'याओ' म्हणतात. 'यी' आणि सातचा 'छी' कानाला जवळचे. ही डागडुजी नॉर्वेच्या फेरबदलापेक्षा जास्त टिकाऊ ठरली, कारण तिच्यासाठी एकच शब्द बदलावा लागला.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा उद्देश नॉर्वेसारखाच होता: लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम जुळवणं, शिवाय जोडाक्षरांचा भार हलका करणं. वाद विधिमंडळापर्यंत गेला. टीकाकारांनी थट्टा बरीच केली, पण क्रमाच्या मुद्द्याला उत्तर फारसं दिलं नाही. समर्थकांची बाजूही एका ठिकाणी कच्ची होती: बाहेर सगळे 'सदुसष्ट'च म्हणणार असतील, तर मुलाला दोन्ही शिकावे लागतात.

वेल्समध्ये ही दोन-दोन पद्धतींची स्थिती रुळून गेली आहे. जुन्या वेल्शमध्ये अठरा म्हणजे 'दोन नऊ', एकोणीस म्हणजे 'पंधरावर चार'. शाळेत गणित शिकवतात ते 'एक दहा आठ', 'एक दहा नऊ' अशा सरळ आकड्यांत. तास संपून घड्याळाकडे पाहिलं की तीच मुलं अकरा वाजल्याचं 'दहावर एक' असं सांगतात आणि पंचवीस मिनिटांना 'विसावर पाच मिनिटं' म्हणतात.